शहाण्यांची गाडी

गाडी बंद पडली ती भर चौकात, आणि शेजारच्या सीटवर शाळेच्या मोठ्या बाई बसलेल्या.

मोठ्या बाई म्हणजे मुख्याध्यापिका. मुलांना घरून आणायचं आणि शाळा सुटली की परत सोडायचं, हे काम त्या मला देणार होत्या. पण देण्याआधी स्वतः गाडीत बसून सगळा रस्ता फिरून बघायचा, हा त्यांचा नियम. गाडी छान सुरू झाली, चढ चढली, वळणावर एका खड्ड्यात आदळली आणि गपगार झाली. मागून हॉर्न सुरू झाले. मी किल्ली फिरवली, इंजिन घरघरलं, लागलं, परत मेलं. पुन्हा फिरवली, पुन्हा तेच. बाईंनी पर्समधून रुमाल काढून घाम टिपला आणि म्हणाल्या, "आत मुलं असती तर?"

याला काय कपाळ उत्तर देणार? मी म्हटलं, दुरुस्त करून आणते. त्या म्हणाल्या, "सोमवारी सकाळी परत बघू. तेव्हाही असंच झालं तर मला दुसऱ्या कुणाला तरी सांगावं लागेल." एवढं बोलून त्या उतरल्या आणि चालत गेल्या. त्यांचा राग नाही आला मला. बाई सरळ होत्या. राग यायला माझ्या घरात माणसं कमी होती का?

हे काम म्हणजे नुसतं काम नव्हतं. त्याबरोबर शाळेच्या मागच्या आवारात एक खोली मिळणार होती. लहानशी, वर पत्रा, पण दाराला आतून कडी. नवऱ्याचं घर सोडून आल्यापासून मी भावांच्या घरात राहत होते, आणि परत आलेली बहीण म्हणजे बैठकीतला जुना सोफा. कुणी टाकून देत नाही, पण येता-जाता प्रत्येकाचा पाय लागतो. स्वयंपाक मी करायचा, आईचं सगळं मी बघायचं, आणि वर थोरल्या वहिनीने शेजारणीला सांगायचं, "आमच्याकडेच असतात हो त्या." त्या "आमच्याकडेच"मधला सूर मला झोपेतही ऐकू यायचा. मला ती खोली हवी होती. खोलीचं भावांच्या कानावर होतं, पण आईला मी सांगितलं नव्हतं. म्हटलं, आधी काम तर मिळू दे.

आता माझे भाऊ. तीन आहेत, आणि तिघांना मिळून एक अक्कल आहे, तीसुद्धा बहुतेक वेळ कुणाकडे आहे ते सापडत नाही.

थोरला दादा. कचेरीत साहेब आहे, म्हणून घरातही साहेब. तो कुठलीही गोष्ट करत नाही, तो ती "बघून घेतो". नळ गळतो? बघून घेतो. आईला डॉक्टरकडे न्यायचंय? बघून घेतो. आजवर त्याने इतकं बघितलंय की डोळे दुखायला हवे होते. मधल्याला सगळे नुसतं भाऊच म्हणतात. त्याला सगळं मोबाइलवर कळतं. पोट दुखलं तरी आधी व्हिडिओ बघेल आणि मग दुसऱ्याच दुखण्याचं औषध घेईल. आणि धाकटा बाळ्या. दाढीत पांढरे केस आले तरी अजून बाळ्या, कारण दुसरं काही व्हायची त्याने तसदीच घेतली नाही.

गाडी बाबांची. पुढे लांब नाक, मागे समोरासमोर दोन बाकं, अशी जुनी भाड्याची गाडी. बाबांनी उभा जन्म तिच्यावर काढला आणि घर चालवलं. ते गेल्यावर गाडी आवारात, नळाच्या बाजूला उभी राहिली. अधूनमधून एखादा भाऊ ती काढायला जायचा, ती चालू व्हायची नाही, आणि तो काही न बोलता परत घरात यायचा. काही न बोलता! ज्या घरात चहा गार झाला तरी सभा भरते, तिथे गाडी चालू होत नाही यावर कुणी चकार शब्द काढत नव्हतं. तेव्हाच माझ्या लक्षात यायला हवं होतं. पण मला तरी काय, गाडी म्हातारी झाली असेल असंच वाटलं.

शाळेच्या कामाचं कळलं तेव्हा आई सगळ्यांसमोर म्हणाली, "गाडी तिला द्या. तुम्ही नुसती गंजवताय." तिघांनी माना डोलावल्या. दुसऱ्या दिवशी मी किल्ली फिरवली तर गाडी पहिल्या झटक्याला चालू! मला आनंद झाला. मूर्खच मी. चालू झाली म्हणजे चालू राहील असं थोडंच आहे, हे मला चौकात कळलं.

त्या दिवशी गाडी ढकलत घरी आणली, आणि लागलीच आमच्या घरातलं तज्ज्ञ मंडळ जमलं.

"गॅरेजमध्ये नेऊ या," मी म्हटलं.

"काही गरज नाही," दादा म्हणाला. "घरात आपण एवढी माणसं असताना गॅरेजवाला कशाला? मी बघून घेतो."

बघून घेणं म्हणजे काय, तर दादाने बॉनेट उघडलं, दोन्ही हात कमरेवर ठेवले आणि इंजिनाकडे असं बघितलं जसं कचेरीत उशिरा आलेल्या कारकुनाकडे बघतो. मग म्हणाला, "प्लग." प्लग बदलले. गाडी चालू झाली, गल्लीच्या तोंडापर्यंत गेली, बंद पडली. मग भाऊने व्हिडिओ बघितला आणि म्हणाला, "पॉइंट आणि कंडेन्सर. शंभर टक्के." तेही बदललं. या वेळी गाडी गल्लीच्या पुढे वाण्याच्या दुकानापर्यंत गेली, तर भाऊ एवढा फुगला की बस्स. परत येताना बंद. मग बाळ्या म्हणाला, "ताई, कॉइल गेलीय. गरम होते नि मरते. माझ्या मित्राची अशीच गेली होती." प्लगच्या ठिणगीसाठी वीज वाढवणारी ती कॉइल, तीही नवी आली. नव्या कॉइलसकट गाडी आवाराच्या फाटकातच बंद पडली. याला म्हणतात एक ना धड, भाराभर चिंध्या.

आणि प्रत्येक वेळी जो हरला तो गप्प बसायचा का? छे! तो दुसऱ्याला नावं ठेवायचा. दादा म्हणाला, भाऊने पॉइंटची फट चुकीची ठेवली. भाऊ म्हणाला, दादाने प्लग स्वस्तातले आणले. बाळ्या म्हणाला, बॅटरीच फालतू आहे. शेवटी तिघांचं एकमत झालं ते एकाच गोष्टीवर: ही गाडी चालवते कशी त्यावर आहे सगळं. म्हणजे मी! नाचता येईना आणि अंगण वाकडं, तेही बहिणीचं.

मी एक गोष्ट मात्र बघत होते. गाडी बंद पडली की हे तिघं मदतीला धावायचे आणि प्रत्येक जण ठरावीक जागीच घुसायचा. दादा स्टिअरिंगखाली वाकून बुटाची नाडी बांधायचा. त्याच्या पायात चप्पल असली तरी! भाऊचा मोबाइल दर वेळी ड्रायव्हरच्या सीटखाली पडायचा. आणि बाळ्या पुढचा कप्पा उघडून हात कोपरापर्यंत आत घालायचा आणि म्हणायचा, "फडका शोधतोय." फडका त्याच्या खांद्यावर. या तिघांच्या तीन तऱ्हा झाल्या की गाडी कधी चालू व्हायची, कधी होती त्याहून जास्त मरायची.

मला गाड्यांमधलं थोडंफार कळतं. लहानपणी सुट्टीत बाबांच्या शेजारी बसून फिरले आहे, आणि बाबा काम करताना तोंडाने बोलत करायचे. ते म्हणायचे, गाडी बंद पडली की आधी सामान बदलू नये, आधी वीज कुठपर्यंत पोचते ते बघावं. मी एक छोटा बल्ब घेतला, त्याला दोन वायरी जोडल्या. एक टोक कॉइलच्या त्या खिळ्याला लावलं जिथे किल्लीकडून वीज येते, दुसरं गाडीच्या अंगाला. बल्ब काचेवर चिकटवला, मला बसल्या जागी दिसेल असा. गाडी चालू केली. बल्ब लख्ख. आवारातल्या आवारात पुढे-मागे केली, मुद्दाम पायरीच्या कडेवर चाक आपटलं. बल्ब विझला, त्याबरोबर इंजिन मेलं.

झालं! म्हणजे प्लग नाही, पॉइंट नाही, कॉइल नाही, आणि गाडी चालवणारी तर नाहीच नाही. किल्लीपासून कॉइलपर्यंत जी एक वायर येते, तिच्यातच कुठेतरी खोट होती. तीन शहाण्यांनी अर्धं इंजिन नवं केलं, पण त्या एका वायरीकडे कुणी बोट दाखवलं नाही. का नाही दाखवलं, ते मला पुढच्या तासाभरात कळलं.

मी किल्लीच्या मागून वायर धरून निघाले. खरं तर ती सरळ पुढे इंजिनाकडे जायला हवी. पण ही बया आधी स्टिअरिंगच्या खाली वळली. तिथे निळी टेप, आणि टेपच्या शेवटी एक लहानसं काळं बटण. मी म्हटलं, बाबांनी बसवलं असेल. चोरांच्या भीतीने लोक बसवतात असं लपवलेलं बटण, चोर-स्विच म्हणतात त्याला. ते बंद केलं की किल्ली कितीही फिरवा, गाडी जागची हलत नाही. पण वायर तिथे संपली नाही. ती गालिच्याखालून ड्रायव्हरच्या सीटखाली गेली, आणि तिथे दुसरं बटण, सीटच्या स्प्रिंगला घासेल असं. खड्ड्यात गाडी आदळली की सीट खाली दबणार आणि बटण हलणार. तिथून वायर परत पुढे आली, कप्प्याच्या मागे शिरली आणि तिथे तिसरं. तिन्ही ठिकाणी तीच निळी टेप, तेच पिळून जोडलेले सांधे. एकाच हाताचं काम. बाजारात असली कामं करणारा वायरवाला एकच. त्याने तीन वेगवेगळ्या दिवशी एकाच घरातल्या तीन भावांना एकाच गाडीत तीन बटणं बसवून दिली आणि प्रत्येकाला वचन दिलं, कुणाला सांगणार नाही. गिऱ्हाइकाचं गुपित ठेवलं बिचाऱ्याने. घरी जाऊन पोट धरधरून हसला असेल.

मी तिघांना आवारात बोलावलं. आई खिडकीत बसली होती. गुडघ्यांमुळे ती आवारात उतरत नाही, पण खिडकीतून तिचं सगळ्यांवर लक्ष असतं.

"हे काय आहे?" मी स्टिअरिंगखालची वायर ओढून दाखवली.

दादाने घसा साफ केला. "कंपनीचंच असेल ते."

"कंपनी निळी टेप गुंडाळते?"

"तसलं काही मला माहीत नाही," भाऊ घाईघाईने म्हणाला. "माझं तर सीटखाली—"

आणि तो थांबला. तोंड उघडंच राहिलं. बाळ्याने पुढच्या कप्प्याकडे एक नजर टाकली आणि लगेच आभाळाकडे बघायला लागला. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते असं.

मग निघालं सगळं. बाबा गेल्यावर दादाने बटण बसवलं, कारण बाळ्या न विचारता मित्रांना घेऊन गाडी फिरवायचा. भाऊने बसवलं, कारण त्याला वाटलं दादा गाडी स्वतःच्या सासुरवाडीला वापरेल. आणि बाळ्याने? "ताई, दोघंही मला किल्ली द्यायचे नाहीत. म्हटलं, मला नाही तर कुणालाच नाही." बघा! प्रत्येकाने आपलं बटण बंद करून ठेवलं. मग दुसरा कुणी गाडी चालू करायला गेला आणि ती झाली नाही की हा मनातल्या मनात खूश, वाहवा, आपलं बटण काय काम करतंय. आणि स्वतः आपलं बटण चालू करून गेला तरी गाडी सुरू होईना, कारण इतर दोन बंद. तेव्हा विचारायचं कुणाला? विचारायचं तर आपलं बटण सांगावं लागेल. म्हणून तिघं गप्प, आणि बाबांची गाडी गंजत उभी. आईने गाडी मला द्यायला सांगितल्यावर तिघांनी गुपचूप आपापलं बटण चालू केलं. पण ती पिळलेली जोडणी सैल झालेली, आणि गाडी बंद पडली की हे तिघं आपलं बटण नीट आहे ना ते चाचपायला धावायचे आणि चाचपता चाचपता कधी बंदच करून ठेवायचे.

"म्हणजे मला चौकात मोठ्या बाईंसमोर तोंडघशी पाडलंत," मी म्हटलं, "ते वाईट म्हणून नाही, नुसते बावळट म्हणून."

"तुझ्या भल्यासाठीच करत होतो," दादा म्हणाला.

"माझं भलं करू नका. हात जोडते. आजपासून माझं वाईट करा, त्यात तरी तुम्हाला यश येतं का बघू."

खरं सांगते, माझं वाईट करायचं त्यांच्या मनात नव्हतं. मी गेले तर त्यांना हवंच होतं. थोरल्या वहिनीने माझ्या खोलीत शिवणाचं मशीन कुठे ठेवायचं ते मनात ठरवूनही टाकलं असेल. म्हणूनच तर मला जास्त चीड आली. स्वतःच्या फायद्याचं कामसुद्धा यांना नीट करता येत नाही! असले भाऊ असले की शत्रूंची गरज काय? शत्रू निदान विचार करून करतो.

तिन्ही बटणं मी उपटली. किल्लीपासून कॉइलपर्यंत एकच नवी वायर टाकली, सरळ, कुठेही न वळणारी, नीट चिमट्याने दाबलेल्या टोकांची. भाऊ म्हणाला, "एक व्हिडिओ बघून घेऊ या का आधी?" मी त्याच्याकडे असं बघितलं की तो घरात निघून गेला. रविवारी गाडी काढली आणि शहराच्या बाहेरपर्यंत नेली. चढ, उतार, खड्डे, रेल्वे फाटकाजवळची खडबडीत वाट, सगळं केलं. चौकात मुद्दाम इंजिन चालू ठेवून उभी राहिले. एकदाही दचकली नाही. परत येताना मी एकटी गाडीत मोठ्याने गात होते. लोक बघत होते, बघू देत.

रविवारी संध्याकाळी आईच्या पायांना तेल लावलं, गोळ्या दिल्या. तेव्हा ती काही बोलली नाही. मला वाटलं, दमली असेल.

सोमवारी सकाळी मी आंघोळ करून, केस विंचरून, नवी ओढणी घेऊन आवारात आले. किल्ली फिरवली. इंजिन फिरलं, फिरत राहिलं, पण लागेना. एकदा खोकलंही नाही. बल्ब लावला तर वीज कॉइलपर्यंत येत होती. आता काय? खिडकीत तिघं भाऊ उभे राहिलेले दिसले. "मी बघू का?" दादाने विचारलं. मी म्हटलं, "बाहेर आलास तर बघ." तो आला नाही.

मी बॉनेट उचललं. ज्या गोल डब्यातून प्रत्येक प्लगला आळीपाळीने वीज वाटली जाते, त्याच्या झाकणाचा एक चिमटा नीट लागलेला नव्हता. मी झाकण काढलं. आत मधोमध एक बोटाएवढा तुकडा असतो, रोटर म्हणतात. तो फिरतो आणि वीज वाटतो. तो जागेवर नव्हताच. पडला नव्हता, तुटला नव्हता. कुणीतरी झाकण उघडून, काढून घेऊन, झाकण परत लावलं होतं.

भावांपैकी कुणी? त्यांना रोटर कुठे असतो हे कळलं असतं तर आजपर्यंत तोही बदलून झाला असता.

मग मला बाबा आठवले. आमच्या जुन्या घराजवळ गाड्या चोरीला जायच्या, तेव्हा बाबा रोज गाडी लावली की हा तुकडा काढून आणायचे आणि आईच्या हातात द्यायचे. सकाळी ती परत द्यायची. कधी बाबा आजारी असले तर आई स्वतः जाऊन काढून आणायची. या घरात हे माहीत असलेलं जिवंत माणूस मी सोडून एकच होतं.

घराच्या पायऱ्यांजवळच्या भिंतीवर काळे डाग होते. हात टेकत टेकत कुणीतरी वर चढलं होतं.

आई पलंगावर बसली होती. एक मूठ मिटलेली, पदराखाली.

"आई, रोटर दे."

"कसला रोटर?"

"आई."

ती म्हणाली, "खोली मिळणार आहे म्हणे तुला. थोरलीने सांगितलं काल. हसत हसत सांगितलं. मला माहीत नाही हे बघून तिला किती आनंद झाला!" तिने पदराखालची मूठ मांडीवर आपटली. "नवरा सोडताना आधी मला सांगितलंस. आणि हे नाही सांगितलंस?"

"सांगणार होते."

"कधी? सामान गाडीत टाकल्यावर?"

मला बोलता येईना, म्हणून मी ओरडले. "तूही तसलीच निघालीस! त्या तिघांनी बटणं लावली, तू रोटर काढलास. शोभतेस त्यांची आई!"

"त्यांची आहेच," ती म्हणाली. "आणि तुझी कोण आहे गं?"

बाहेर दादा कुणाला तरी सांगत होता की बॅटरी उतरली असणार.

"मी ओळखते माझ्या पोरांना," आई हळू आवाजात बोलायला लागली. "तू गेलीस की माझं अंथरूण कुणाच्या खोलीत टाकायचं यावर महिनाभर वाद चालेल. एक म्हणेल बघून घेतो, दुसरा मोबाइलमध्ये बघेल, तिसरा म्हणेल माझ्याकडे जागा नाही. आणि मी इथे पडून ऐकत राहीन. पाण्याचा पेला मागितला तर तिघी सुनांपैकी कुणाची पाळी आहे यावर भांडतील. तू असतेस तेव्हा मला मागावं लागत नाही. कळलं का? मागावं लागत नाही मला."

मी तिच्यासमोर खाली बसले. "मग चल माझ्याबरोबर. खोली लहान आहे, पण दोघींना पुरेल. शाळेच्या आवारात पायऱ्या नाहीत. मी पोरांना सोडून आले की तुझ्याजवळच."

तिच्या चेहऱ्यावर क्षणभर काहीतरी हललं. मला वाटलं, हो म्हणते आता.

"तीन मुलगे असताना मुलीकडे राहू?" ती म्हणाली. "लोक तोंडात शेण घालतील माझ्या."

"लोक तुझे पाय चेपायला येतात का?"

तिने खिडकीकडे तोंड वळवलं.

"सांग ना. येतात का लोक? हे तिघं कुचकामी आहेत हे तुला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक आहे. आत्ता तूच म्हणालीस. आणि तरी त्यांच्याच दारात मरायचंय तुला, कारण ते मुलगे आहेत. आणि त्यासाठी मी इथे सोफा होऊन राहायचं, होय ना? तुला मान त्यांच्याकडून हवा आणि पाणी माझ्याकडून."

हे मी बोलले. प्रत्येक शब्द खरा होता. आयुष्यभर जिला कुणी बोलण्यात हरवलं नाही, तिला मी हरवलं, आणि मला जराही बरं वाटलं नाही.

तिने मूठ उघडली. रोटर तिच्या हातात गरम झाला होता. बोटं काजळीने काळी, नखांत ग्रीस भरलेलं. ते जड बॉनेट तिने एकटीने कसं उचललं असेल कोण जाणे. पहाटे उतरली असेल, भिंतीला धरून. कुणाला हाक मारली नसेल, कारण हाक मारावी तर मलाच मारावी लागली असती.

"जा," ती म्हणाली. "त्या बाई वाट बघतील."

रोज सकाळी मी तिला धरून मोरीपर्यंत नेते, हातपाय धुवून देते. त्या दिवशी नेलं नाही. ते काळे हात तिने तसेच मांडीवर ठेवले आणि मी निघाले. खरोखरच उशीर झाला होता. पण तेवढ्यासाठी नाही. मी वळून बघितलं असतं तर राहिले असते, आणि राहिले असते तर तिला कधी माफ केलं नसतं.

रोटर बसवला, चिमटे लावले, किल्ली फिरवली. गाडी पहिल्या झटक्याला लागली. खिडकीतून बाळ्याने टाळ्या वाजवल्या. "बघ, मी म्हटलं होतं ना होईल!" दादा म्हणाला. काय म्हटलं होतं, देव जाणे.

मोठ्या बाई शाळेच्या फाटकाशी उभ्या होत्या. बसल्या, रुमाल हातातच ठेवला. पहिली गल्ली, चढ, चौक, पुलाखालची वाट, मग पलीकडच्या वस्त्या. अर्ध्या रस्त्यात त्यांनी रुमाल पर्समध्ये ठेवला. म्हणाल्या, "गाडी चांगली चालतेय की. खोलीची किल्ली शिपायाकडून आजच घेऊन टाका."

मी हो म्हटलं. समोर रस्ता मोकळा होता, इंजिन एका सुरात चाललं होतं, आणि मी मनातल्या मनात त्या गाडीला शिव्या देत होते. मेले, बंद पड एकदा. एकदाच बंद पड, म्हणजे मला परत जाता येईल.

ती शाळेपर्यंत चालत राहिली.